अपर्णाच्या नावाने काढलेला लॅपटॉप

हे खरं घडलेलं आहे.

पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझी हरकत नाही. मुक्ता माझी मावसबहीण. तिने मला हे सगळं सांगितलं तेव्हा तिच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती, आणि चहा सोडणाऱ्यातली ती नव्हे.

जागा, उज्जैनचं माधव नगर. दिवस, गेल्या पितृपक्षातली अविधवा नवमी.

आणि वेळ भर दुपारची. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची पितृपक्षातली दुपार पाहिलेली नाही. ऊन रणरणतंय, रस्ता ओस, घरोघर माणसं जेवून आडवी झालेली, आणि कुठे पान हलत नाही...

मुक्ता श्रीपादची दुसरी बायको. श्रीपाद टावर चौकातल्या एका बँकेत अधिकारी. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात होते हे तो पाहुण्यांना चहा यायच्या आत सांगून टाकतो. बोलायला साखर. इतकी साखर की आमच्या मावशीने स्थळाची चौकशी अर्ध्यावरच सोडली. त्याची पहिली बायको अपर्णा त्याच घरात दम्याने गेली, ऐन तिशीत. एवढंच आम्हाला कळलं होतं, आणि एवढ्यावरच आम्ही समाधान मानलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे शैलाआत्या. श्रीपादची आत्या. त्याला लहानाचा मोठा तिनेच केला.

घर तळमजल्यावर, तिन्ही बाजूंनी उंच बिल्डिंगा. आत मोबाइलला रेंज नाही. कुणाला फोन लावायचा तर तोही घरच्या वाय-फायवरून लागतो. वाय-फाय बंद म्हणजे फोन बंद. रेंज हवी तर पार फाटकाबाहेर जाऊन उभं राहायचं.

मुक्ताला नोकरी हवी होती. लग्नाआधी ती फ्रीगंजमध्ये एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. ते श्रीपादने गोड बोलून सोडायला लावलं. मग तिने घरून करायच्या नोकऱ्या शोधल्या. दोन मुलाखती झाल्या, आणि दोन्ही वेळा ऐन बोलण्यात नेट गेलं.

"अरे यार, आपलं नशीबच खराब," श्रीपाद म्हणायचा. "जाऊ दे ना. तुला कमी काय आहे?"

तिसऱ्या वेळी तिने मुलाखत मैत्रिणीच्या घरून दिली. इंदूरच्या कंपनीने तिला घेतलं. अट एकच. पहिला आठवडा नेट पक्कं राहिलं पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. मुक्ता मला म्हणाली होती, "ताई, ही गेली तर मी या घरात संपले."

कंपनीचा नवा लॅपटॉप आला तो नेमका अविधवा नवमीच्या सकाळी.

"बाई गं!" आत्यांनी खोका बघून कपाळाला हात लावला. "श्राद्धात नवी चीज कोणी खोलतं का? नवरात्र लागू दे, मग काढ."

"आत्या, सोमवारी जॉइनिंग आहे. आज चालू करून नाही दिला तर नोकरी जाईल."

आत्या विचारात पडल्या. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध नवमीला घालतात, तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, साडी देतात. आत्या दर वर्षी अपर्णाच्या नावाने हे करत. त्या वर्षी ठरलेली सवाष्ण तापाने पडली होती. तेव्हा मुक्तालाच पाटावर बसवायचं ठरलं होतं.

आत्यांच्या डोक्यातून तोडगा निघाला. आपल्या लोकांना शास्त्र मोडायचं नसतं आणि अडूनही बसायचं नसतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आपल्या नावाने नवी वस्तू नाही काढायची. पण पितरांच्या नावाने दिलेली चालते. आज साडीच्या ऐवजी हेच देते."

श्रीपाद पानावर बसता बसता थबकला.

"आत्या, काहीही काय? साडी दे ना तिला. खोका काय देतेस?"

"साड्या ढीगभर पडल्यात. तू गप बस."

जेवणं झाली. आत्यांनी मुक्ताला कुंकू लावलं. ओटीत खण घातला, नारळ घातला. वर लॅपटॉपचा खोका ठेवला. आणि हात जोडून मोठ्याने म्हणाल्या,

"अपर्णे, हे तुझं. तुझं म्हणून ही वापरेल. गोड मानून घे."

श्रीपाद ताटावरून उठून गेला. खीर तशीच राहिली.

दुपारी मुक्ताने खोका फोडला. कोरा करकरीत लॅपटॉप. वरची प्लॅस्टिकची पातळ फिल्मसुद्धा निघालेली नव्हती.

तो घरच्या वाय-फायला काही जोडला जाईना.

पासवर्ड बरोबर. तिच्या फोनवर तेच वाय-फाय छान चाललेलं. तिने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. ओंकार नावाचा मुलगा होता, इंदूरचा, बोलायला मोकळा.

"मॅडम, एक काम करा. ते नेटवर्क विसरा असं म्हणा लॅपटॉपला, आणि परत जोडा."

नाही जोडलं.

"राउटर बंद करून चालू करा."

केला. मध्ये फोनही कटला, तो परत लावला. तरी नाही.

"बरं, राउटरची वायर थेट लॅपटॉपला लावा. आता तर आलंच पाहिजे."

नाही आलं.

"कमाल आहे. मॅडम, दुसरं कुठलं नेटवर्क दिसतंय का?"

मुक्ताने यादी उघडली. आणि यादीत सगळ्यात वर...

अपर्णा.

पूर्ण रेंज. पासवर्ड नाही. आणि खाली लिहिलेलं, की हे नेटवर्क लॅपटॉपने आधीच जपून ठेवलेलं आहे.

"तुम्ही आधी कधी जोडलं असेल," ओंकार म्हणाला.

"अहो, आत्ता खोका फोडलाय."

"मग शेजारचं कुणाचं तरी."

तेवढ्यात लॅपटॉप आपणहून जोडला गेला. ओंकारने तिकडून सगळं तपासलं आणि खूश झाला. "एकदम बढिया! असं नेट आमच्या ऑफिसातही नाही. राहू द्या हेच."

मग तो थांबला.

"मॅडम... तुमच्या घरी कुणाला दमा आहे का?"

"का?"

"नाही, बराच वेळ कुणीतरी धापा टाकतंय. लॅपटॉपच्या माइकमधून येतंय. तुमच्या अगदी जवळ बसलंय."

मुक्ता खोलीत एकटी होती.

ती लॅपटॉप घेऊन उठली. शेजारचं वाय-फाय असेल तर भिंतीकडे रेंज वाढेल, असा तिचा साधा हिशेब. डावीकडे गेली, रेंज कमी. उजवीकडे, कमी. हॉलमध्ये राउटरपाशी, जवळजवळ नाहीच.

मागच्या खोलीकडे वळली... आणि रेंज वाढत गेली.

मागच्या खोलीत आता अडगळ असते. अपर्णा त्याच खोलीत गेली. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात रेंज पूर्ण भरली.

कोपऱ्यात काहीच नव्हतं. फक्त तेवढ्या जागेतली फरशी गार होती. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि ती फरशी पायाला बोचेल एवढी गार...

मुक्ता बाहेर आली. दार लावून घेतलं. कुणाला काही बोलली नाही. बोलली असती तर आत्यांनी लॅपटॉप माळ्यावर टाकला असता, आणि नोकरी त्याच्याबरोबर.

सोमवार उजाडला. श्रीपाद बँकेत गेला. मुक्ता कामाला बसली. सकाळभर मीटिंग, पुढे काम, पुन्हा मीटिंग. सगळं सुरळीत. दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि सहज तिची नजर राउटरकडे गेली.

एकही दिवा लागलेला नव्हता.

वीज गेली म्हणावं तर पंखा चालू. ती जवळ गेली. राउटरचा अडॅप्टरच नव्हता. बोर्डातही नाही, खालीही नाही. तिने फोन बघितला. वाय-फाय नाही, रेंज नाही.

आत मात्र लॅपटॉपवर कुणीतरी तिलाच हाक मारत होतं. "मुक्ता, आहेस ना? तुझं नेट मस्त आहे गं, आमचंच कटतंय!"

संध्याकाळी श्रीपाद आला. चेहऱ्यावर तीच साखर.

"काय मग, झाला पहिला दिवस? नेटने दगा दिला का?"

"नाही हो. मस्त चाललं. एकदाही कटलं नाही."

श्रीपादचा हात बॅगेच्या चेनवर तसाच राहिला.

"एकदाही?"

"एकदाही नाही. का हो?"

"काही नाही... आपलं विचारलं."

मुक्ता चहा घेऊन बाहेर आली तेव्हा राउटरचे दिवे लुकलुकत होते. अडॅप्टर जागेवर.

तिला भीती वाटायला हवी होती. आला राग. दोन्ही मुलाखतींना हा माणूस हॉलमध्ये राउटरशेजारी पेपर वाचत बसला होता, ते तिला आता आठवलं. मांजराला वाटतं आपण डोळे मिटून दूध पितो, कुणाला दिसत नाही. मुक्ताने त्याला पिऊ दिलं. शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अडॅप्टर पुन्हा गायब. लॅपटॉप चालू.

त्यापुढच्या दिवशी बाहेरून येणारी वायरच तुटलेली. "उंदीर," श्रीपाद म्हणाला. उंदरांनी इतकी सरळ कापलेली वायर मी तरी पाहिलेली नाही. लॅपटॉप चालू.

आता श्रीपादच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोला विचारावं तर आपलंच बिंग फुटणार. चोराची आई उशीत तोंड घालून रडते म्हणतात, इथे चोर स्वतःच रडकुंडीला आला होता. गुरुवारी त्याने रजा टाकली. म्हणाला, डोकं दुखतंय.

दुपारची वेळ. आत्या स्वयंपाकघरात. मुक्ता कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. आणि श्रीपाद फोन हातात धरून घरभर फिरत होता, नेट कुठून येतंय ते शोधत. त्याच्या फोनवर ते नाव आता त्यालाही दिसत होतं. त्याने ते वाचलं तेव्हा तोंडातून शिवी निघाली, असं आत्यांनी नंतर सांगितलं.

डावीकडे गेला. उजवीकडे गेला.

मग मागच्या खोलीत शिरला...

मीटिंगमध्ये कंपनीची बाई बोलत होती. मध्येच ती थांबली.

"मुक्ता, प्लीज माइक बंद कर. तुझ्याकडे कुणाला तरी श्वास लागलाय."

मुक्ताचा माइक बंदच होता.

तिने हेडफोन काढला. आवाज मागच्या खोलीतून येत होता. शिटीसारखा, लांब, ओढून ओढून घेतलेला श्वास. आत्या दाराशी उभ्या होत्या आणि दार ढकलत होत्या. कडी नव्हती, तरी दार हलत नव्हतं. दोघींनी खांदा लावला तेव्हा ते एकदम उघडलं.

श्रीपाद कोपऱ्यात बसला होता. कपाट आणि भिंतीच्या मध्ये. ओठ निळे. डोळे बाहेर. त्याला जन्मात कधी दमा नव्हता. हातातल्या फोनवर तो सारखं बोट दाबत होता.

मुक्ता धावत फाटकाबाहेर गेली. रेंज पूर्ण होती. तिने १०८ लावला. फोन उचलला गेला...

पलीकडून तीच धाप ऐकू आली.

तिने पुन्हा लावला. तीच धाप. आईला लावला. धाप. मला लावला. तो कॉल माझ्या फोनवर आजही दिसतो, आणि त्या दुपारी माझा फोन वाजला नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

ती परत आत धावली. लॅपटॉपवरून ओंकारला निरोप लिहिला, अँब्युलन्स पाठवा. बाकी सगळं चाललं होतं, मीटिंगमधली माणसं हसत होती, पण तो एक निरोप जाईना.

तेव्हा ती त्या खोलीच्या दारात गुडघ्यांवर बसली आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली,

"अपर्णाताई, सोडा यांना. मी पाया पडते."

काही नाही. धाप तशीच.

आत्या मात्र श्रीपादकडे बघत होत्या. त्याला बोट धरून चालायला शिकवलं होतं त्यांनी.

"श्री," त्या म्हणाल्या, "काय केलंस तू तिचं?"

श्रीपादने मान हलवली. नाही.

श्वास आणखी बारीक झाला.

"बोल रे! जीव जाईल तुझा!"

आणि मग तो बोलला. एका श्वासात एक शब्द.

"अडॅप्टर... माझ्या बॅगेत... होता. अपर्णा... नोकरी... सोडत नव्हती. म्हटलं... एक दिवस... नेट नसलं तर... अक्कल येईल. तिचा फोन... लागलाच नसेल... कुणाला."

आत्या तोंडावर पदर धरून उभ्या. अपर्णा गेली त्या दिवशी त्या घरी नव्हत्या. दम्याचा झटका आला, पंप संपलेला, उठून दारापर्यंत जायचं त्राण नाही. संध्याकाळी श्रीपाद आला, त्याने आधी अडॅप्टर बोर्डात लावला आणि मग माणसं बोलावली. पोरीने शेवटचे किती वेळ त्या कोपऱ्यात बसून फोन लावले असतील...

मुक्ताच्या हातातला फोन एकदम बोलू लागला.

"हॅलो, १०८ से बोल रहे हैं. बताइए, क्या हुआ?"

श्रीपाद वाचला.

पण त्याचा आवाज गेला. म्हणजे पूर्ण नाही. तो बोलतो, ओठ हलतात, आणि चार शब्दांतला एखादाच बाहेर पडतो, बाकीचे मध्येच कुठेतरी गळतात. फोनवर तसंच, समोर बसून बोललं तरी तसंच. इंदूरच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासलं. घसा ठणठणीत आहे म्हणाले. बँकेतले लोक त्याच्याशी बोलताना सवयीने "हॅलो? हॅलो?" म्हणतात. मला हसू येतं, खोटं कशाला सांगू?

मुक्ताची नोकरी पक्की झाली. ती इंदूरला भाड्याने खोली घेऊन राहू लागली. लॅपटॉप तोच. नेटवर्कच्या यादीत वर नाव तेच.

आत्या तिच्या हातापाया पडल्या होत्या. घरातली गोष्ट घरात ठेव म्हणून. मुक्ताला ते पटेना. अपर्णाची आई देवासला एकटी राहते, अहल्याबाई. आपली मुलगी कशी गेली हे त्या आईला कळायला नको? शेवटी एका दुपारी तिने त्यांना फोन लावला. नाव सांगितलं, आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

अहल्याबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे, बेटा," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"तिनेच. रोज दुपारी फोन येतो तिचा. ती गेली त्या दिवसापासून. आधी नुसती धाप ऐकू यायची. मी रोज कानाला लावून बसायचे, दुसरं काय करणार? नवमीपासून बोलायला लागली. म्हणाली, आई, मला माझी वस्तू मिळाली."

मुक्ताच्या मांडीवर लॅपटॉप होता. तिला तो खाली ठेवायचा धीर होईना.

"लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर नाही ती," अहल्याबाई सांगत होत्या, स्वयंपाकाचं सांगावं तशा. "त्या दिवशी ती जीवच घेणार होती. मी म्हटलं, नको. मेला की सुटला. आधी कबूल करू दे, मग नुसता आवाज घे. कुणाला हाक मारता येत नाही म्हणजे काय, ते कळू दे त्याला."

"काकू..."

"काल विचारत होती, आई, आता पुढे काय? मी म्हटलं, त्या घरात मुक्ता राहिली आहे, तिला विचारू. बेटा, तू सांग. पुरे म्हणू का तिला?"

मुक्ता काहीच बोलली नाही.

"हॅलो? आवाज येतोय ना माझा?"

"येतोय," मुक्ता म्हणाली.

आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आत्यांचा फोन आला. श्रीपादला सकाळपासून ऐकू येईनासं झालं होतं. एकाएकी. दोन्ही कानांनी.

हे सांगताना मुक्ताच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने मला विचारलं, "ताई, मी काही चुकीचं बोलले का? मी तर काहीच बोलले नाही." मी म्हटलं, नाही गं, तू कुठे काय केलंस.

करावं तसं भरावं, हे मीही मानते. श्रीपादची मला दया येत नाही. मुक्ता माझी बहीण आहे, तिच्यावर माझा जीव आहे.

पण आठवडाभराने मी तिला पुन्हा विचारलं, की त्या काकूंना आता तरी पुरे म्हणून सांगितलंस ना? तर ती म्हणाली, "सांगेन. अजून त्याला दिसतंय ना."

तेव्हापासून दुपारी तिचा फोन आला की मी उचलत नाही.